दोनशे पानी वही

वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर केव्हाच निखळलंय. आतून खाकी चिकटपट्टी आणि बाहेरून रबरबँड लावून ती बांधून ठेवलेली असते. पहिल्या पानावर मधोमध ‘श्री’, खाली तारीख ९ जून २०१४, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या गोल अक्षरात पहिली नोंद: ‘डॉक्टर ५००, रिक्षा ६०, बिस्किटं १०.’ तिचा मुलगा तेव्हा पावणेतीन वर्षांचा होता. हाक मारली तर वळून बघत नव्हता, म्हणून कान तपासायला सांगितलं होतं. कान ठणठणीत निघाले. एसटीचा हॉर्न त्याला दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यायचा. आई शेजारी बसून नावाने साद घालायची, ती मात्र पोचायची नाही.

दुसऱ्या पानावर पुण्याचा प्रवास आहे. तिसऱ्या पानावर ‘ऑटिझम’ हा शब्द एकदाच, बारीक अक्षरात, आणि पुढे प्रश्नचिन्ह. सहाव्या पानापासून ते प्रश्नचिन्ह गेलेलं आहे. तिथून पुढे दर महिन्याला तेच रकाने: ओटी, स्पीच, स्पेशल टीचर, प्रवास, इतर. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. या घरांत हा शब्द दूध-भाजीसारखा तोंडात बसलेला असतो. २०१४ साली एका सत्राचे ३५० रुपये लिहिलेत, आता ७०० आहेत. २०१५च्या जूनमध्ये जमेच्या बाजूचा ‘माझा पगार’ हा रकाना बंद होतो. ती पतसंस्थेत होती, साडेअकरा हजार मिळत होते. आठवड्यातून चार दुपारी मुलाला थेरपीला न्यायचं तर काउंटर कोण सांभाळणार, म्हणून तिने राजीनामा दिला. पुढच्या वर्षी जमेला ‘पाटल्या’ असं लिहिलंय. फक्त शब्द आणि आकडा. मला त्या पाटल्या माहीत आहेत. आमच्या आईच्या होत्या.

यंदा मे महिन्यात आम्ही दोघींनी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज केली. अकरा वर्षांत सोळा लाख चाळीस हजार. यात बुडालेला पगार धरलेला नाही. सरकारकडून काय मिळालं तेही शोधलं. एसटीच्या तिकिटातली सवलत आणि ‘निरामय’ विम्यातून दोनदा परत आलेली रक्कम, एवढंच सापडलं. त्या बेरजेला अर्धं पान पुरलं.

त्यानंतर मी अशा आणखी काही घरांत गेले. कुणाकडे वही होती, कुणाकडे मोबाइलमध्ये हिशेब. कोकणातल्या एका घरी कालनिर्णयच्या जुन्या पानांची चळत खुंटीला टांगलेली होती; त्या माउलीने तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने फी लिहून ठेवली होती आणि वर्ष संपलं तरी पानं टाकली नव्हती. ‘कधीतरी कुणीतरी विचारेल म्हणून ठेवलीत,’ ती म्हणाली. मी विचारणारी पहिलीच होते.

आपल्याकडे ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मी हा शब्द जपून वापरते, कारण अनेक पालकांना तो बोचतो. स्वतःत रमून गेलाय, जरा हलवलं की बाहेर येईल, असा त्याचा अर्थ शेजारीपाजारी लावतात. ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात तऱ्हा आहे. बोलणं, माणसांशी जोडून घेणं, आवाज-उजेड-स्पर्श सहन होणं, ठरलेल्या क्रमाची ओढ असणं, या सगळ्यात ती दिसते आणि प्रत्येक मुलात वेगळी दिसते. एखादा पदवी घेऊन नोकरी करतो, एखाद्याला वयाच्या पंचविशीतही आंघोळीला सोबत लागते. म्हणून तिला ‘स्पेक्ट्रम’ म्हणतात. माझा भाचा मधे कुठेतरी आहे. तो मोजकं बोलतो, आणि जे बोलतो त्यातलं निम्मं बसस्थानकावर ऐकलेलं असतं. घरी पाहुणे जास्त झाले, आवाज वाढला, की तो दारात जाऊन स्पष्ट आवाजात म्हणतो, ‘गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे.’ म्हणजे मला इथून जायचंय. हे वाक्य कळायला घरच्यांना दीड वर्ष लागलं. कळल्यावर त्याचं डोकं आपटणं निम्म्यावर आलं. ते वाक्य कशासाठी आहे हे एका स्पीच थेरपिस्टने ओळखलं होतं. वहीत त्या महिन्यात स्पीचचे आठ सत्रांचे चार हजार आहेत.

आता ही वही सरकारच्या वहीशेजारी ठेवून पाहू.

केंद्रात दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग आहे. २०२५-२६च्या अंदाजपत्रकात त्याला १,२७५ कोटी रुपये मिळाले. २०११च्या जनगणनेत देशातल्या दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. भागाकार केला तर डोई वर्षाला ४७५ रुपये येतात, महिन्याला चाळीस. शाळा, दवाखाने, राज्यांच्या योजना यांचा खर्च वेगळा असतो, हे खरं आहे. पण खास दिव्यांगांसाठी नेमलेल्या केंद्रीय खात्याची ऐपत ही आहे. शिवाय तो भाजक त्या अंदाजपत्रकाच्या चौदा वर्षं आधीचा, आणि त्या जनगणनेच्या तक्त्यात ऑटिझम हा रकानाच नव्हता. आठ प्रकार विचारले होते. या मुलांची नोंद झाली असलीच तर ‘मतिमंदत्व’ किंवा ‘इतर’ या घरात.

रकाना नसणं ही जुनी गोष्ट आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती; त्यांत ऑटिझम नाही. पालकांनी दिल्लीत दारं ठोठावली. ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ साली मेरी बरुआ यांनी सुरू केली, त्या स्वतः ऑटिस्टिक मुलाच्या आई. १९९९ साली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाचा, म्हणजे नॅशनल ट्रस्टचा कायदा आला. सरकारने त्याला एकदाच १०० कोटींचा निधी देण्याची तरतूद केली. कायद्याच्या नावातच ऑटिझम होता. पण प्रमाणपत्र काढायला गेलं की तो शब्द फॉर्मवर सापडायचा नाही. मग पालक ‘मतिमंद’ असा शिक्का घेऊन यायचे, कारण त्याशिवाय रेल्वेची सवलत नाही की शाळेत परीक्षेची मुभा नाही. ज्या मुलाची बुद्धी ठीक आहे हे आईला ठाऊक होतं, त्याच्या नावापुढे तो शब्द लिहून घेताना सही कशी केली असेल, ते मला पुण्यातल्या एका आजीने सांगितलं. तिचा मुलगा आज चाळिशीत आहे. तो कागद तिने अजून कुणाला दाखवलेला नाही.

ऑटिझमचं प्रमाणपत्र कसं द्यायचं याच्या सूचना २०१६ साली निघाल्या. त्याच वर्षी नवा दिव्यांग हक्क कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ला लागू झाला, सातांचे एकवीस प्रकार झाले आणि त्यांत ऑटिझम स्पेक्ट्रम आला.

प्रमाणपत्रासाठी वापरतात ती मोजपट्टी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली आहे. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत: नजरेला नजर देत नाही, हसण्याला हसून उत्तर देत नाही, ऐकलेलं तसंच परत म्हणतो, बदल चालत नाही, वगैरे. प्रत्येक मुद्दा किती वेळा दिसतो यावर एक ते पाच गुण. एकूण चाळीस ते दोनशे. सत्तरच्या खाली असाल तर ऑटिझम नाही. भारतीय मुलांसाठी भारतात बनलेलं हे साधन आहे, आणि ते आहे हे चांगलंच आहे. पण ती पट्टी लावताना खोलीत काय घडतं, ते मी पाहिलं आहे.

भाच्याला २०१८ साली एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. दोनदा तारीख मिळूनही मानसशास्त्रज्ञ नव्हते, तिसऱ्या खेपेला भेटले. सकाळी सातला निघालो, नंबर दुपारी एकला आला. भाचा सहा वर्षांचा. त्याने नजरेला नजर द्यावी म्हणून बहिणीने दोन वर्षं एक युक्ती केली होती. दोन भुवयांच्या मधे चमचमती टिकली लावायची आणि काहीही देताना, बिस्किट असो की झाकण, ते टिकलीजवळ धरायचं. मुलगा वस्तूकडे बघतो, मग टिकलीकडे, मग हळूहळू डोळ्यांकडे. दिवसातून शंभर वेळा, दोन वर्षं. त्या दुपारी टेबलापलीकडच्या बाईंनी त्याला नाव विचारलं. त्याने मान वर केली, सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि हसला.

बहिणीने माझा हात घट्ट धरला. तिला आनंद झाला होता आणि तिची छातीही धडधडत होती. तो चांगला वागला तर गुण कमी पडणार, गुण कमी पडले तर कागद नाही. तिने स्वतःच्या मेहनतीने जे कमावलं होतं ते आज दिसू नये, अशी वेळ तिच्यावर आली होती. बाईंनी तिला विचारलं, ‘घरी कसा असतो?’ आणि तिला मुलाच्या सगळ्या उण्या गोष्टी, त्याच्यासमोर, मोठ्याने सांगाव्या लागल्या. चाळीस प्रश्न. तो झाकण फिरवत ऐकत होता. ऐकत नव्हता असं मी म्हणणार नाही. त्याला किती कळतं हे आम्हाला एव्हाना माहीत होतं. गुण सत्तरच्या वर गेले. तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं. घरी परतताना ती एक शब्द बोलली नाही.

पट्टी चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. मूल किती कमी आहे हे मोजूनच मदत द्यायची, या विचाराशी माझं भांडण आहे. जे मूल आईने राबून पुढे आणलं, त्याला तिथे टिकवून ठेवायला पैसे लागतातच.

संशोधनाची गोष्ट इथूनच सुरू होते, कारण मोजल्याशिवाय पैसे कुणाला आणि किती द्यायचे ते ठरत नाही. भारतात हे मोजण्याचा एक मोठा, नेटका प्रयत्न झाला. ‘इन्क्लेन’ या संस्थेने पाच ठिकाणी घरोघर जाऊन दोन ते नऊ वर्षांची ३,९६४ मुलं तपासली: हिमाचलमधलं कांगडा, हरियाणातलं पलवल, ओडिशातलं ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा. निष्कर्ष २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये छापून आले. साधारण आठातल्या एका मुलात मेंदूच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण होती, आणि ऑटिझम शंभरात सुमारे एकाला. जागतिक आरोग्य संघटना जगासाठी सांगत आली आहे त्याच्याच आसपासचा हा आकडा. शंभरात एक म्हणजे शाळेतल्या दर दोन-तीन वर्गांमागे एक मूल. या कामाला नॅशनल ट्रस्टने पैसे दिले होते, पण त्याबरोबर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे आणि ‘ऑटिझम स्पीक्स’ या अमेरिकी संस्थेचेही होते. आपली मुलं किती आहेत हे मोजायलाही आपल्या तिजोरीला बाहेरचा हातभार लागला.

गोव्यातलं दुसरं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. ‘संगथ’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था तिथे १९९६पासून आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या मँचेस्टरच्या संशोधकांसोबत एक प्रयोग केला. ब्रिटनमध्ये सिद्ध झालेली, तज्ज्ञ थेरपिस्ट देत असलेली एक पद्धत त्यांनी घेतली आणि ती साध्या, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती दिली. कार्यकर्ती घरी येते. आई आणि मूल खेळत असताना काही मिनिटांचं चित्रण करते. मग दोघी मिळून ते बघतात. इथे बघा, त्याने चमचा तुमच्याकडे सरकवला, तो तुम्हाला काहीतरी सांगत होता. इथे तुम्ही थांबलात, म्हणून त्याने आवाज काढला. बस्स, एवढंच. कुठली महागडी उपकरणं नाहीत, झोपाळे आणि रंगीत चेंडूंची खोली नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलं या चाचणीत होती आणि निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. आईवडिलांचा मुलाच्या कलाने प्रतिसाद देण्याचा भाग वाढला, मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एका गोष्टीवर लक्ष लावण्याचा वेळ उलट कमी भरला, आणि तेही त्यांनी छापलं. हा प्रयोगही अमेरिकी संस्थेच्या पैशावर झाला.

मी हे बहिणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘ताई, आमच्या अंगणवाडीच्या बाईंना हे येत असतं, तर मी पुण्याला कशाला गेले असते?’

अंगणवाडीच्या बाईंपर्यंत पोचण्याची वाट कागदावर तयार आहे, आणि तिचं उद्घाटन महाराष्ट्रातच झालं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. तीस आजार-अवस्थांच्या यादीत ऑटिझम आहे. शंका आली तर मूल जिल्ह्याच्या ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’कडे पाठवायचं, तिथे डॉक्टर, फिजिओ, स्पीच, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली. कल्पना उत्तम आहे. मी गेलेल्या एका जिल्ह्यात इमारत होती, रंगवलेल्या भिंती होत्या, आणि स्पीच थेरपिस्टच्या खोलीला कुलूप होतं. शिपायाने सांगितलं, बाई कंत्राटावर होत्या, मुंबईला गेल्या. शहरात खासगीत एका दिवसात जे मिळतं ते इथे आठवड्याला मिळत असेल तर कुणी का थांबेल? पैसे इमारतीवर एकदा खर्च होतात. माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि आपली व्यवस्था तिथे हात आखडता घेते.

कोल्हापूरकडच्या एका तरुण थेरपिस्टने मला तिच्याकडची चित्रकार्डं दाखवली. विकत मिळणाऱ्या संचात अ‍ॅपल, पिअर, टोस्टर, स्नोमॅन. तिने मोबाइलवर फोटो काढून स्वतःचा संच केला आहे: भाकरी, कुकर, पायपुसणं, तांब्या, देवघर, एसटी, गाय, नळ. मूल घरात जे बघतं तेच कार्डावर. दोनशे चौदा कार्डं, लॅमिनेशनचा खर्च स्वतःचा. मराठी बोलणाऱ्या मुलाचं बोलणं कसं उमलतं, कुठे अडतं, ‘मी’ आणि ‘तू’चा घोटाळा क्रियापदाच्या रूपांत कसा दिसतो, यावर तिला वाचायला फार थोडं सापडतं. संशोधनाला पैसे द्या असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जनुकांची प्रयोगशाळा येते. त्या दोनशे चौदा कार्डांची पारख करणं, ती सुधारून सगळ्या जिल्ह्यांत पोचवणं, हेही संशोधनच आहे.

कारणांचा शोध नको, असं मात्र मी म्हणणार नाही. का, ते सांगते. २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा ऑटिझमशी संबंध जोडला आणि दोन दिवसांत ती बातमी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर पसरली. रात्री साडेअकराला बहिणीचा फोन. ‘ताई, पाचव्या महिन्यात मला ताप आला होता. मी क्रोसिन घेतली होती का गं? तुला आठवतं?’ चौदा वर्षांनी ती आठवत बसली होती. या आयांवर हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. पन्नास-साठच्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ म्हणायचे, आई थंड होती म्हणून मूल असं झालं. ते खोडायला बर्नार्ड रिमलँड या ऑटिस्टिक मुलाच्या बापाला १९६४ साली पुस्तक लिहावं लागलं. १९९८मध्ये गोवरच्या लशीचं खूळ निघालं, तो शोधनिबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला. आणि आता क्रोसिन.

मी तिला त्या रात्री जे सांगू शकले ते स्वीडनमुळे. तिथे प्रत्येक बाळंतपणाची सरकारी नोंद असते. १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०२४ साली निष्कर्ष छापले. सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा ऑटिझममध्ये फरक उरला नाही. सार्वजनिक पैशाने वर्षानुवर्षं सांभाळलेली ती नोंदवही होती, म्हणून हजारो मैलांवरच्या एका बाईला रात्री झोप लागली. संशोधनाला सरकारने पैसा का द्यावा, याचं यापेक्षा सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

अमेरिकेत पालकांच्या रेट्यामुळे डिसेंबर २००६मध्ये ऑटिझमसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पाच वर्षांसाठी जवळजवळ शंभर कोटी डॉलर मंजूर झाले. कायद्याच्या नावात ‘ऑटिझमशी लढा’ असे शब्द होते. ते ऑटिस्टिक प्रौढांना लागले. आम्ही शत्रू आहोत का, असं त्यांनी विचारलं. २०१४मध्ये कायद्याचं नूतनीकरण झालं तेव्हा नाव बदललं. त्या पैशातून जनुकांचं ज्ञान खूप वाढलं, मोजणी पक्की झाली. पण मोठ्या झालेल्या माणसांचं जगणं, त्यांचं काम, घर, म्हातारपण, यांच्या वाट्याला त्यातलं थोडंच आलं, ही तिथल्या ऑटिस्टिक लोकांची तक्रार आजही आहे. आपण अजून सुरुवातीलाच आहोत, म्हणून ती तक्रार आत्ताच ऐकून ठेवलेली बरी.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग झाला. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा, असा राज्याचा नियम आहे. मी दोन ठिकाणच्या लाभार्थी योजनांच्या याद्या वाचल्या. तीनचाकी, पिठाची गिरणी, कुबड्या, श्रवणयंत्र. ज्यांना ते हवं त्यांना ते मिळालंच पाहिजे. पण थेरपीची फी, मुलाला शाळेत सोबत करणारी व्यक्ती, आईला महिन्यातून दोन दिवस उसंत, यातलं काही त्या यादीत नव्हतं. ऑटिझमला चाकाची गरज नसते. त्याला माणूस लागतो, आणि माणूस ही वस्तू खरेदीच्या यादीत बसत नाही.

तो माणूस आज फुकट राबतो, आणि बहुतेक घरांत ती आई असते. केरळने ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना काढली. पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणं हे काम आहे हे एका सरकारने लिहून दिलं. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेतली दिव्यांगांची रक्कम २०२५मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली, ही चांगली गोष्ट. मात्र त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत लागतं. माझे मेहुणे क्लार्क आहेत. ते त्यात बसत नाहीत. प्राप्तिकरात ७५ हजारांची आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे, तीही जुन्या करपद्धतीत. ज्याला कर बसतो त्यालाच तिचा उपयोग. ‘निरामय’मध्ये वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो, हप्ता थोडका आहे, पण थेरपीसाठी त्यातला एक ठरावीक हिस्साच वापरता येतो. गरीब नाही आणि श्रीमंत नाही, अशा घरांच्या पाटल्या म्हणूनच मोडतात.

माझं मागणं मोठं नाही. जिल्ह्याच्या केंद्रात कायम पगारावर माणसं. गोव्यात जे करून पाहिलं ते आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना शिकवून, त्यासाठी वेगळा मोबदला देऊन, आपल्या पैशाने राज्यभर करून पाहणं, आणि त्याचा निकाल प्रामाणिकपणे मोजणं. सांभाळणाऱ्याला उत्पन्नाची अट न लावता मासिक भत्ता. आणि येत्या जनगणनेत ऑटिझमचा रकाना, तो कसा विचारायचा हे प्रगणकाला नीट शिकवून.

त्याहून अवघड प्रश्न पुढे आहे. ‘आमच्या माघारी याचं कोण?’ मी गेलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न चहाचा कप खाली ठेवताना आला. अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान. बँकेचं खातं, सही, ऑपरेशनची परवानगी, सगळं त्याचं. पालकत्व हवं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आईवडील गेल्यावर राहायचं कुठे, यासाठी नॅशनल ट्रस्टची ‘घरौंदा’ ही निवासी योजना आहे. आमच्या ओळखीतल्या कुणाला तिथे जागा मिळालेली नाही. पुण्यात-मुंबईत पालकांनीच एकत्र येऊन जमिनी घेतल्यात, घरं बांधायला काढलीत. ज्यांची ऐपत नाही त्यांनी काय करायचं? कोकणातल्या त्या बाईचे यजमान साठीला आलेत, मुलगा बावीसचा. त्या म्हणाल्या, ‘देवाकडे मागताना मी माझ्यासाठी त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त मागते.’ एवढं म्हणून त्या दूध उतू जातंय का ते बघायला उठल्या.

भाचा आता चौदाचा आहे. चार वर्षं उरलीत. तो पोळ्यांची चळत मोजतो, कपड्यांच्या घड्या बहिणीपेक्षा नीट घालतो, आणि गेल्या वर्षापासून वहीत तारीख तो लिहितो. आकडे ती सांगते, तारीख त्याची. त्याचं अक्षर तिच्यासारखंच गोल आहे. वहीची अकरा पानं कोरी राहिलीत आणि तिने नवी दोनशे पानी आणून ठेवली आहे.

परवा तिच्याकडून निघताना मी जिन्यात चपला घालत होते. तो माझी पिशवी घेऊन दारात आला. पिशवी माझ्या हातात दिली, टिकलीच्या जागी बघितलं, मग डोळ्यांकडे, आणि म्हणाला, ‘गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे.’ इतकी वर्षं हे वाक्य तो फक्त स्वतःसाठी म्हणत आला होता. बहीण आतून पेन घेऊन आली. ‘लिही,’ तिने त्याला सांगितलं, ‘आजची तारीख. मावशी, रिक्षा, ८०.’